सात तारखेची खुर्ची

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी मी आणि शेजारच्या गाळ्यातले शिंदे, आम्ही दोघांनी मिळून ऐंशी ओलांडलेल्या एका माणसाला त्याच्या खुर्चीतून उठवलं आणि ती खुर्ची त्याच्या डोळ्यांदेखत उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवली. त्या माणसाचे गुडघे दुखतात. त्याने माझं कधी वाईट केलेलं नाही. उलट मी आज जो काही बरा मालक झालो असेन, तो त्याच्यामुळे. तरीही मी हे केलं. लोकांना सांगायला लागलो की त्यांचा चेहरा बदलतो. बायकोच्या मते मी गोष्ट चुकीच्या टोकापासून सुरू करतो. म्हणून आधी तो माणूस सांगतो.

आम्ही त्यांना काका म्हणतो. खरं तर ते आमचे गाळामालक. बिबवेवाडीत त्यांच्या घरामागे पत्र्याचे चार गाळे आहेत. एकात माझं मिठाईच्या खोक्यांचं काम चालतं: पुठ्ठा, तो कापणारं एक पंचिंग मशीन आणि खोकी चिकटवायला बसणाऱ्या बायका. शेजारी शिंद्यांचं लेथ. गाळा बघायला गेलो तेव्हा पहिल्याच वाक्यात मी त्यांना "मालक" म्हणालो.

"मालक म्हणू नका," ते म्हणाले. "मालक म्हटलं की मला चौकशी करावीशी वाटते."

ते कामगार खात्यात इन्स्पेक्टर होते. सगळी नोकरी कारखान्यांच्या फाटकांवर गेली. पगार थकवणारे, अर्धा पगार देऊन पूर्ण रकमेवर सही घेणारे, काम सोडून गेलेल्याचे पैसे दाबून बसणारे, असे मालक शोधायचे आणि त्यांच्यावर खटले भरायचे. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशात त्यांनी हे गाळे बांधले आणि आता त्यांना भाडेकरू म्हणून तेच लोक मिळाले, ज्यांच्या मागे ते आयुष्यभर लागले होते. ही गंमत त्यांना स्वतःला सगळ्यात जास्त कळलेली होती.

फाटकावर त्यांनी एकही पाटी लावलेली नाही. पुण्यात हे जरा विशेषच. मी एकदा कारण विचारलं. "लिहिलेलं लोक वाचतात आणि आत येतात," ते म्हणाले. "विचारलं तर थांबून उत्तर द्यावं लागतं."

विचारायला ते दर महिन्याच्या सात तारखेला संध्याकाळी यायचे. एरवी दिवसभर बनियन आणि पायजमा. सात तारखेला मात्र इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट आणि नोकरीतले जुने काळे बूट, पॉलिश करून. कायद्याने आमच्यासारख्या लहान मालकांना मागच्या महिन्याचा पगार सात तारखेपर्यंत द्यावा लागतो. त्यामुळे त्यांच्या लेखी वर्षात बारा सण होते.

दारात उभे राहून ते एकच शब्द विचारायचे. "झाले?"

आम्ही "झाले" म्हणायचो. त्यावर त्यांचा विश्वास नसायचा. ते आत शिरायचे आणि कुठल्याही एका कामगाराजवळ थांबून म्हणायचे, "काय, आज घरी काय नेणार?"

पगार हातात पडला असला की उत्तर लगेच यायचं. पोरीला सँडल. अर्धा किलो चिकन. सासूबाई आल्यात, श्रीखंड. पगार झाला नसला तर माणूस हसायचा आणि म्हणायचा, "बघू." हा "बघू" ऐकला की काका मान डोलवून माझ्याकडे वळायचे. त्यांच्या सगळ्या नोकरीचं सार या एका प्रश्नात होतं. ते म्हणायचे, "रजिस्टर खोटं बोलतं, मालक खोटं बोलतो, भीतीने कामगारही खोटं बोलतो. पण घरी काय न्यायचं हे कुणाला खोटं सांगता येत नाही."

भाडंसुद्धा ते पगार झाल्याशिवाय घेत नसत. शिंद्यांनी एकदा हुशारी केली. पगार थकलेले होते, पण काका गप्प बसावेत म्हणून त्यांनी पाच तारखेलाच भाडं मोबाईलवरून पाठवून दिलं. काकांनी ते पैसे त्याच दुपारी परत पाठवले. त्याआधी त्यांनी मोबाईलवरून कधी कुणाला पैसे पाठवले नव्हते. हे परत करण्यासाठी म्हणून बँकेत जाऊन ते शिकून आले.

"म्हाताऱ्याला पैसा नको हाय," शिंदे मला म्हणाले. शिंद्यांचं घराणं मांजरी गावाकडचं, उसाची शेती होती, आता तिथे इमारती आहेत. "आमच्या गावात असा मानूस असता तर लोकांनी देवळात नेऊन बसवला असता. तिथून तरी हालला नसता."

आता खुर्चीबद्दल.

गाळा घेतल्यावर मी मशीनची पूजा केली. काका आले, नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि कामगारांसमोर मला म्हणाले, "आता एक वाक्य मोठ्याने म्हणा. करारात घालणार होतो, पण करार नोंदवणारा एजंट नाही म्हणाला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जागा नाही म्हणे." वाक्य असं होतं: सात तारखेपर्यंत पगार झाला नाही तर माझी खुर्ची जाईल, आणि ज्याचा पगार राहिला तो आधी त्या खुर्चीत बसून चहा प्यायल्याशिवाय ती मला परत मिळणार नाही.

मला वाटलं, म्हातारा विनोदी आहे. मी हसत हसत म्हटलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नारळाचं खोबरं वाटलं गेलं आणि मी ते विसरलो.

ही कल्पना त्यांना सुचली त्याची गोष्ट ते फार रंगवून सांगायचे. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेठने कामगारांचे कित्येक महिन्यांचे पगार बुडवले होते. निकाल कामगारांच्या बाजूने लागला, जप्तीचा हुकूम निघाला. काका कोर्टाच्या बेलिफाबरोबर गेले, तर यंत्रं बँकेकडे गहाण, गाडी मेव्हण्याच्या नावावर, जागा भाड्याची. जप्त करायला काहीच नाही. शेवटी बेलिफाने शेठची फिरती खुर्ची उचलली आणि टेम्पोत टाकली. इतकी वर्षं नोटिसा चहाच्या कपाखाली ठेवणारा तो शेठ टेम्पोच्या मागे रस्त्यावर धावला. "अहो, माझी खुर्ची, माझी खुर्ची," असं ओरडत. त्याच आठवड्यात पैसे भरले.

"आमच्या कायद्यातला दंड त्या काळी इतका लहान होता," काका म्हणायचे, "की कोर्टात शेठ विचारायचे, सुट्टे आहेत का. दंड म्हणजे त्यांना फाटकावरचा टोल वाटायचा. भरला की पुढे जायला मोकळे. खुर्ची नेली तेव्हा पहिल्यांदा मी शेठला पळताना पाहिलं."

माझी खुर्ची गेली ती गजाननमुळे. हे सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं, पण सांगतो.

गजानन वाशीमकडचा. माझ्या पंचिंग मशीनवर तोच. हात इतका सफाईदार की पुठ्ठ्याची कड कधी फाटायची नाही. दिवाळीच्या तोंडावर, ऐन ऑर्डरींच्या दिवसांत, तो एका सकाळी आलाच नाही. फोन बंद. दोन दिवसांनी कळलं की मांजरीजवळ एका मोठ्या गोदामात लागला आहे. त्याचा मागच्या महिन्याचा पगार माझ्याकडे होता. तो मी दिला नाही.

आमच्या धंद्यात ही रीतच आहे. मला ती जुन्या मालकांनी शिकवली होती: माणसाचा एक पगार नेहमी हातात ठेवायचा, म्हणजे तो पळत नाही, आणि पळाला तर निदान तेवढं तरी आपलं. मला यात काही चूक वाटली नव्हती. मी घरी देवपूजा करत होतो, सिग्नलला थांबत होतो, माणसाचा महिनाभराचा घाम कपाटात ठेवून रात्री शांत झोपत होतो.

मुदत उलटल्यावर, आठ तारखेला सकाळी काका आले. बूट घातलेले.

"सगळ्यांचे झाले?"

"सगळ्यांचे झाले, काका."

"गेला त्याचा?"

"तो न सांगता गेला."

"सांगून गेला असता तर दिला असतात?"

मी कपाटाकडे पाहिलं.

"म्हणजे नाही," ते म्हणाले. "उठा."

मी खरंच उठलो. का उठलो कोण जाणे. त्यांनी माझी खुर्ची, चाकांची होती ती, ढकलत ढकलत दारापर्यंत नेली आणि उंबऱ्यावरून अलगद उतरवून आपल्या अंगणातल्या जांभळाखाली लावून ठेवली. बायका हातातलं चिकटवणं सोडून बघत होत्या. मी दुपारी घरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. संध्याकाळी तीही जांभळाखाली गेली. मग मी पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसू लागलो. गठ्ठा दर तासाला कामाला लागायचा आणि मला उठावं लागायचं.

गिऱ्हाइकं येत होती. लक्ष्मी रोडचे एक मिठाईवाले आले, इकडे तिकडे बघून म्हणाले, "बसायला काही नाही?"

मी तोंड उघडण्याआधी शिंदे पलीकडून ओरडले, "खुर्ची इन्स्पेक्टरनं नेली हाय. सात तारखेचं मॅटर हाय."

मिठाईवाल्यांनी उभ्या उभ्या ऑर्डर दिली आणि जाताना विचारलं, "आमची खोकी वेळेवर मिळतील ना? का तीही तिकडे जातात?"

काका मला कायद्याचं काही बोलले नाहीत. खात्यात त्यांच्या ओळखी होत्या, एका अर्जाने मला चार खेटे घालायला लावता आले असते. त्यांनी ते केलं नाही. रोज सकाळी ते माझ्या खुर्चीवरची जांभळाची पानं तेवढी झटकायचे. त्याचा मला जास्त राग यायचा.

घरी बायको म्हणाली, "पाय का दाबताय सारखे?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती काकांवर चिडेल.

"त्या मुलाला फोन केलात का?"

"त्याचा बंद होता."

"तेव्हा बंद होता. नंतर?"

नंतर मी केलाच नव्हता. त्या रविवारी मी स्कूटर काढून मांजरीला गेलो. गजानन एका खोलीत गावाकडच्या पोरांबरोबर राहत होता. मला दारात बघून त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं मी भांडायला आलोय. मी विचारलं, "अरे, सांगून का गेला नाहीस?"

"सांगणारच होतो, सायेब. पण सांगतलं असतं तर तुमी पगार ठेवून घेतला असता."

"न सांगता गेलास, तरी ठेवलाच की."

"हो ना जी," तो म्हणाला. "मंग काय उपेग झाला मले?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पळेल म्हणून मी पगार ठेवत होतो आणि पगार ठेवतो म्हणून तो पळत होता. आधी तो हसला, मग मी. मी पैसे दिले. त्याने मोजले नाहीत, खिशात घातले. त्याने मोजले असते तर मला बरं वाटलं असतं.

पण खुर्चीचं काम त्याने भागत नव्हतं. त्याला येऊन बसायला हवं होतं. हे ऐकून गजानन खरा घाबरला. "मले नाई बसता येत तुमच्या खुर्चीत. लाज वाटते." पगार बुडाला तेव्हा त्याला लाज वाटली नव्हती, मला वाटली नव्हती, आणि आता खुर्चीची दोघांनाही वाटत होती.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी तो आला. काकांनी खुर्ची आत आणली, पुसली. गजानन अगदी कडेवर टेकला.

"नीट बस," काका म्हणाले. "अर्धा बसलास तर अर्धाच पगार मिळाला असं धरीन."

तो मागे रेलला. चहा आला. मी समोर उभा. सगळ्या बायका उभ्या. गजाननने दोन घोट घेतले, समोर पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, इथून मशीन दिसतच नाई."

खरंच दिसत नव्हतं. मध्ये मी कपाट लावलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कपाट हलवलं. काकांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. फक्त पुढच्या सात तारखेला आले तेव्हा "झाले?" असं विचारून, माझं उत्तर ऐकून, पहिल्यांदाच आत न जाता परत गेले. त्यांचा तो विश्वास मला त्या दिवशी फार जड वाटला. मी त्या लायकीचा आहे का, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

नवी वेतन संहिता लागू झाली त्या आठवड्यात त्यांनी आम्हा चौघा भाडेकरूंना घरी बोलावलं. बटाटेवडे होते, छायाताईंनी केलेले. छायाताई म्हणजे काकांचं सगळं बघणाऱ्या बाई. काकांची बायको गेल्यापासून स्वयंपाक, औषधं, गुडघ्यांना तेल, सगळं त्यांच्याकडे. सकाळी यायच्या, संध्याकाळी घरी जायच्या. आम्ही वडे खात होतो आणि काका शिक्षेची कलमं वाचत होते, दुसरा कुणी नातवाचे मार्क वाचेल तसे.

"पगार कमी दिला तर पन्नास हजारांपर्यंत दंड. पाच वर्षांच्या आत पुन्हा तेच केलंत तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस काम सोडून गेला की दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब. दाव्यात तर दहापटीपर्यंत भरपाई." त्यांनी चष्मा काढला. "आणि पगार दिला की नाही, हे सिद्ध कुणी करायचं? शिंदे?"

"कोर्टानं?" शिंदे म्हणाले.

"मालकाने. कामगाराने नाही. मालकाने."

"मग काका, आता खुर्ची सोडून द्या," मी म्हणालो. "आता कायदाच कडक झालाय."

"कायदा कडक झाला, पण इन्स्पेक्टर मऊ केलाय. त्याने आधी समजवायचं, संधी द्यायची, मग खटला." त्यांनी वड्याचा तुकडा मोडला. "चांगलं आहे ते. मी आधी खटला भरायचो आणि मग समजवायचो. पण खुर्ची राहू दे. पन्नास हजारांचे हप्ते पाडता येतात. उभं राहण्याचे पाडता येत नाहीत."

त्याच संध्याकाळी त्यांनी ते सिद्ध करण्याचं कलम आम्हाला दुसऱ्यांदा वाचून दाखवलं. आम्हाला वाटलं, आवडलं म्हणून वाचताहेत.

मग एका सात तारखेला ते माझ्याकडे आले, "झाले?" विचारून गेले आणि थोड्या वेळाने पुन्हा आले. पुन्हा "झाले?" मी पुन्हा "झाले" म्हणालो. शिंद्यांकडे ते तीनदा गेले. शिंदे, जे एरवी एका शब्दाला चार शब्द परत करतात, तिन्ही वेळा लेथ थांबवून, हात पुसून म्हणाले, "झालं बघा, काका. समद्यांचं झालं." त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांशी याबद्दल बोललो नाही.

दोन महिन्यांपूर्वीची आठ तारीख. संध्याकाळी गाळा बंद करून निघालो तर फाटकात छायाताई भेटल्या. मी सहज, काकांच्या आवाजात, गंमत म्हणून विचारलं, "काय ताई, आज घरी काय नेणार?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "बघू."

मी स्कूटर स्टँडला लावली.

त्या सांगायला तयार नव्हत्या. खूप विचारल्यावर म्हणाल्या, दोन महिने पगार नाही. "मागितला तर म्हणतात, दिला की. त्यांना खरंच वाटतं दिलाय. आता त्यांच्याशी वाद कसा घालू? भिशीचे हप्ते राहिलेत, घरभाडं बहिणीकडून घेऊन भरलं. पण तुम्ही बोलू नका हं. आयुष्यभर लोकांचे पगार काढून दिले त्या माणसाने. कळलं तर खचतील."

मी शिंद्यांना गाठलं. शिंद्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच मार्ग काढला. "आपल्या भाड्यातनं देऊन टाकू. दोघं निम्मं निम्मं. म्हाताऱ्याला कळायचं पन नाय. बाईचं बी भागंल, त्याची अब्रू बी राहील."

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं, कारण त्यात मला काहीच करावं लागत नव्हतं. घरी गेलो, जेवलो, आणि मला राहून राहून गजाननचा चेहरा दिसत राहिला, कडेवर टेकलेला. काकांनी मला गुपचूप वाचवलं असतं, गजाननला स्वतःच्या खिशातून पैसे दिले असते, तर माझं कपाट अजून तिथेच असतं. आणि दुसरं असं, की ज्या माणसाने कुणालाही सोडलं नाही त्याला आम्ही सोडून देणार होतो. म्हणजे त्याला माणसांतून उठवून लहान मुलांत बसवणार होतो. शिंद्यांना फोन करून मी म्हणालो, "सकाळी जरा लवकर या. खुर्ची उचलायची आहे."

पलीकडून शिंदे म्हणाले, "जड हाय ती. सागवानी."

काकांची खुर्ची त्यांच्या जुन्या ऑफिसातली. ऑफिसचं फर्निचर बदललं तेव्हा लिलावात त्यांनी स्वतः बोली लावून घेतलेली, वेताची बैठक, रुंद हात. आम्ही गेलो तेव्हा ते त्यात बसून पेपर वाचत होते. छायाताई आत भाजी चिरत होत्या.

"काका, उठा," मी म्हणालो.

"का?"

"खुर्ची न्यायची आहे."

त्यांनी पेपराची नीट घडी केली. "कुणाचा राहिलाय?"

"छायाताईंचा."

आतला विळीचा आवाज थांबला. ताई दारात आल्या आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या की मी नजर खाली घातली.

"मी दिलाय," काका म्हणाले.

"नाही दिलेला. दोन महिने."

"मी दिला म्हणतो, ती नाही म्हणते. आता?"

मला उत्तर माहीत होतं, पण तोंडातून निघेना. शिंद्यांच्याही नाही. शेवटी काका स्वतःच म्हणाले, "सिद्ध मालकाने करायचं." त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. टेबलाचा खण उघडला, त्यात हात घालून बराच वेळ शोधलं. मग खण बंद केला.

"घर म्हणजे कारखाना नव्हे, घरकामाला ही संहिता लागू नाही, असं एखादा वकील म्हणेल," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणता का?"

"मी वकील नाही." टेबलाला धरून ते उभे राहिले. सावकाश, आधी एक गुडघा, मग दुसरा. "उचला. शिंदे, पाठ सांभाळा. लाकूड जुनं आहे."

आम्ही ती जांभळाखाली नेऊन ठेवली. परत आलो तर काका बूट घालायच्या खटपटीत होते, भिंतीला टेकून, उभ्यानेच. छायाताई नाड्या बांधायला वाकल्या तर म्हणाले, "तू नको. तुझा पगार थकलाय, तुला काम सांगता येत नाही मला." नाड्या मी बांधल्या.

शिंद्यांच्या टेम्पोतून आम्ही बँकेत गेलो. टेम्पोत बसताना मात्र त्यांनी सूट घेतली, वाहन हे खुर्चीत मोडत नाही म्हणून. बँकेत रांग होती. काउंटरवरच्या मुलीने त्यांना पाहून लगबगीने खुर्ची पुढे केली.

"आजोबा, बसा ना."

"बसता येत नाही. माझ्यावर जप्ती आहे."

ती मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी बाकी रांगेसारखा छताकडे बघू लागलो.

घरी आल्यावर आम्ही खुर्ची आत आणली. काकांनी पैसे छायाताईंच्या हातात दिले. त्यांनी मोजले. दोनदा. मला फार बरं वाटलं.

"आता बसा, काका," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते.

"आधी तू."

त्या अगदी कडेवर टेकल्या.

"नीट बसा, ताई," मी म्हणालो. "अर्धं बसलात तर अर्धाच धरतात इथे."

त्या मागे रेलल्या. आणि मग आम्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की चहा राहिला आहे, आणि या घरात चहा करणारी व्यक्ती खुर्चीत बसली आहे. शिंदे उठले, तर काकांनी हाताने थांबवलं आणि ओट्याशी गेले.

"पातेलं खाली," छायाताई खुर्चीतून म्हणाल्या. "ते नाही, लहान. साखर डाव्या हाताच्या डब्यात. तो नको, ते मीठ आहे. काका, मीठ आहे ते."

चहा कसा झाला होता ते विचारू नका. छायाताईंनी कप संपवला.

मग काका बसले आणि मला म्हणाले, "दर सात तारखेला तुम्ही यायचं. मी 'झाला' म्हटलं तर विश्वास ठेवायचा नाही. तिला विचारायचं."

गेल्या सात तारखेला मी गेलो. मनात थोडी धाकधूक होती, कारण संध्याकाळ झाली तरी ते गाळ्यावर 'झाले?' विचारायला आले नव्हते. दार उघडंच होतं. काका इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून उभे होते. खुर्ची शेजारी होती, रिकामी. एक हात तिच्या पाठीवर.

"काका, उभे का?"

"पगार दिला की नाही, आठवत नाही," ते म्हणाले. "म्हणून आधीच उठून ठेवलंय."

मी आत वळून विचारलं, "ताई, आज घरी काय नेणार?"

"सुरमई," छायाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "चांगली मोठी."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग ते बसले. पूर्ण मागे रेलून.